मदत हवी आहे: मुळशीच्या काठावरच्या वनस्पतींची नोंद कशी करावी?

नमस्कार मंडळी. मुळशी धरणाची उंची वाढवण्याचा विषय पुन्हा निघालाय. पाण्याखाली जाणारी घरं आणि शेती यांवर बोललं जातं, ते व्हायलाच हवं. पण काठाच्या झाडोऱ्याचं काय? उताराच्या जमिनीवर पाणी मीटरभर चढलं तरी उथळ, दलदलीची पट्टी आत सरकते, आणि वर कातळ किंवा चढ असेल तर तिला सरकायला जागाच उरत नाही. लव्हाळा, पाणकणीस कदाचित पुन्हा रुजतील. नदीपात्रातल्या खडकांत वाढणारी झुडपी शेरणी मात्र वाहत्या पाण्याची. साचलेल्या पाण्यात ती टिकत नाही. काठची वाळुंज, उंबर मुळं सतत बुडाली तर किती तग धरतात?

पाणी चढण्याआधीची नोंद हाती असावी, एवढीच तळमळ आहे. पुण्यात कोरेगाव पार्कजवळच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या किंवा आघारकर संशोधन संस्थेच्या वनस्पतीसंग्रहात या खोऱ्याचे जुने नमुने बघायला परवानगी कशी मागायची? पावसाळ्यानंतर काठाने सोबत फिरून गवतं ओळखून देणारं कुणी आहे का? मला गवतं अजिबात ओळखता येत नाहीत.