निवृत्त जहाज पर्यटकांसाठी उभं करायचंय, निधीची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (किनारपट्टी):
विमानवाहू युद्धनौका विक्रांत (जुनी) १९९७ साली निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय झाली, २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून बंद पडली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. तसं पुन्हा होऊ नये असं मनापासून वाटतं. कोकणात एखादं छोटं पोलादी जहाज जतन करायचं, तर न्यासाने आधी वर्गणी काढावी की आधी ताबा घ्यावा? परदेशातल्या मराठी मंडळांकडून पैसे घेता येतील का?

सुकाणू:
दोन्हींच्या आधी पाहणी. स्वतंत्र सर्व्हेयरकडून पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मोजून मूळ आराखड्याशी ताडून घ्या. सरासरीवर विसंबू नका. पाणरेषेच्या पट्ट्यात पाणी आणि हवा आलटूनपालटून लागते, म्हणून पत्रा तिथे लवकर खंगतो. तळाशी बिल्जमध्ये (झिरपलेलं पाणी साचतं त्या पोकळीत) सिमेंट ओतलेलं दिसलं तर ते फोडून खालचा पत्रा पाहा; बऱ्याचदा गळती बुजवायलाच ते भरलेलं असतं. पाइपांवरचं आरोग्याला घातक अ‍ॅस्बेस्टॉस वेगळं धरा. ते काढणारे वेगळे, दर वेगळा, आणि ते निघेपर्यंत त्या भागात दुसरं काम होत नाही. अंदाजपत्रक कोसळतं ते इथेच. आलेल्या आकड्यावर किमान ३० टक्के आकस्मिक खर्च धरा. निम्मी रक्कम मोठ्या देणगीदारांकडून लेखी पक्की झाल्यावरच जाहीर आवाहन करा.

हिशेबनीस:
न्यासाला आयकर कायद्याची १२ए (न्यासाच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करवजावट) नोंदणी हवी. त्याशिवाय सीएसआर-१ ही सरकारी नोंदणी होत नाही, आणि सीएसआर-१ नसेल तर कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक दायित्व) निधी मिळत नाही. प्रस्तावात पर्यटन पुढे करू नका. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत, 'राष्ट्रीय वारशाचं संरक्षण' आहे, मांडणी त्यावरच करा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करवजावट नाही, आणि नव्या करप्रणालीतल्या व्यक्तीला तर ती मुळीच नाही. त्यामुळे पत्रकावर 'करसवलत' असं सरसकट छापू नका.

परदेशचं नीट समजून घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी अंशदान (परदेशी देणगी) ठरत नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्याची ठरते, तिकडे नोंदलेल्या मंडळाचीही ठरते. त्यासाठी एफसीआरए (विदेशी अंशदान नियमन कायदा) नोंदणी लागते: न्यास तीन वर्षं जुना हवा आणि मागच्या तीन वर्षांत उद्दिष्टांवर किमान १५ लाख खर्च झालेले हवेत. न्यास नवा असेल तर पूर्वपरवानगी, तीही ठरावीक देणगीदार आणि ठरावीक रकमेपुरती. देणगीच्या फॉर्मसोबत पासपोर्टची प्रत घ्याच.

किनारपट्टी:
आभार. दुरुस्तीनंतर तिकिटांवर भागेल का?

सुकाणू:
पगार, वीज, पहारा कदाचित भागेल. डॉकिंग, म्हणजे जहाज पाण्याबाहेर काढून तळाची दुरुस्ती, नाही. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ट्रिंकोमाली युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे, ही आपल्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. पण २००१ मध्ये पूर्ण झालेल्या तिच्या जीर्णोद्धाराला १ कोटी पौंडांहून जास्त लागले. जहाज पाण्यात ठेवलं की टग (ओढनौका), ड्राय डॉकचं भाडं, तळ खरवडणं, गंज रोखायला तळाला लावलेले झिंक अ‍ॅनोड बदलणं हा खर्च फिरून येतोच. विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडी किनाऱ्यावर आणून ठेवली, तिथे डॉकिंग वाचतं. खाऱ्या वाऱ्यामुळे रंगाचं काम मात्र कायमचं.

पाण्यातच ठेवणार असाल तर पुढच्या डॉकिंगचा ठेवनिधी पहिल्याच आवाहनात मागा. नंतर त्यासाठी कोणी देत नाही. आणि पैसे जमलेच नाहीत तर जहाज ओढून नेऊन मोडण्याचा खर्च कोणाचा, हे ताब्याच्या करारात लिहून घ्या.