सीटीत ७० टक्के, अँजिओग्राफीत ५० टक्के: कोणते माप ग्राह्य धरावे?

प्रभादेवीकर: वडिलांच्या एलएडी धमनीत (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी धमनी) सीटी अँजिओग्राफीने ७० टक्के ब्लॉकेज दाखवले, म्हणून परळच्या एका रुग्णालयात कॅथेटर घालून अँजिओग्राफी केली, तर तिच्या अहवालात ५० टक्के लिहिले आहे. आता डॉक्टर म्हणतात की आयव्हस (ध्वनिलहरींनी) किंवा ओसीटी (प्रकाशाने) ही नळी घालून करायची तपासणी करून धमनी आतून मोजावी लागेल. सोमवारपर्यंत होकार कळवायचा आहे. कृपया नेमके सांगा, दोन्हींपैकी काय करावे?

मेधा_मुलुंड: वय, मधुमेह, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी), कॅल्शियमचे प्रमाण, ब्लॉकेज धमनीच्या उगमाशी आहे की मध्यभागी, आणि चालताना छातीत दुखते का, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. सीटीची स्पष्टता साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते आणि कॅल्शियम तिच्यात प्रत्यक्षाहून मोठे उमटते, त्यामुळे ७० हा आकडा फुगलेला असू शकतो.

सुहास_दादर: ओसीटीच करा. ती प्रकाशाने मोजते व १० ते २० मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारकावे दाखवते, तर ध्वनिलहरींवर चालणाऱ्या नेहमीच्या आयव्हसची स्पष्टता १०० मायक्रॉनच्या पुढे असते. माझ्या थोरल्या भावाचा स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) एका बाजूला धमनीच्या भिंतीला नीट चिकटला नव्हता, हे ओसीटीमुळेच दिसले.

कॅथलॅब_ठाणे: सुहासराव, बारकावा म्हणजे सर्व काही नव्हे. ओसीटीचा प्रकाश भिंतीत एक-दोन मिलिमीटरच शिरतो, आणि रक्त बाजूला सारण्यासाठी प्रत्येक वेळी कॉन्ट्रास्ट (क्ष-किरणांत दिसणारा द्रव) सोडावे लागते. अगदी उगमाशी रक्त नीट हटतच नाही. आयव्हसला कॉन्ट्रास्ट लागत नाही व धमनीची बाहेरची कडाही दिसते. शिवाय ५० टक्के हा आकडाही निर्विवाद नाही, कारण अँजिओग्राफीत फक्त पोकळीची सावली दिसते आणि टक्केवारी शेजारच्या निरोगी मानलेल्या भागाशी ताडून काढतात. तो भागही अरुंद झालेला असेल, तर ब्लॉकेज कमी भासते.

सुहास_दादर: कॅल्शियमच्या थराची जाडी मात्र ओसीटीच मोजते, आयव्हसला त्यामागे केवळ छाया दिसते. हेही सांगायला हवे होते.

वसईवाले_काका: प्रभादेवीकर, तुम्ही स्वतःचे व भावंडांचे कोलेस्टेरॉल तपासले का? घरात हृदयविकार असेल तर ते आधी करावे.

मेधा_मुलुंड: काका, सल्ला योग्य आहे, पण प्रश्न वडिलांच्या धमनीचा आहे. माझ्या मते येथे व्यासापेक्षा प्रवाह महत्त्वाचा. ५० ते ७० टक्क्यांच्या मधल्या पट्ट्यात एफएफआर (धमनीतील दाबाची तपासणी) करतात: ब्लॉकेजच्या पुढचा दाब अलीकडच्या दाबाच्या ०.८० पट किंवा त्याहून कमी असेल, तर हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या फेम चाचणीत एकाहून अधिक धमन्या अरुंद असलेल्या रुग्णांपैकी ज्यांचे स्टेंट एफएफआर पाहून ठरवले, त्यांना वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा धमनी पुन्हा उघडण्याची प्रक्रिया यांचा सामना कमी वेळा करावा लागला.

प्रभादेवीकर: हे सारे अहवालात असेल असे धरून मी लिहिले नव्हते. वय ७१, मधुमेह आहे, क्रिएटिनिन १.८, कॅल्शियम बरेच, ब्लॉकेज एलएडीच्या उगमाशीच. दादरचा पूल चढताना छातीवर दाब येतो. मला अजूनही एकच उत्तर हवे आहे.

कॅथलॅब_ठाणे: मग या माहितीवरून ओसीटीला मी दुसरे स्थान देईन. कॉन्ट्रास्टचा मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून क्रिएटिनिन १.८ असताना वाढीव कॉन्ट्रास्ट टाळलेला बरा, आणि उगमाशी तिचे चित्रही अपुरे येईल. डॉक्टरांना विचारा की आधी एफएफआर करून स्टेंटची गरज ठरवता येईल का, आणि गरज निघाल्यास आयव्हसने स्टेंटचा व्यास व लांबी मोजतील का.

मेधा_मुलुंड: सहमत. वडिलांना दमा असेल तर तेही आधीच सांगा, कारण एफएफआरसाठी बहुधा ॲडेनोसिन देतात व त्याने श्वासनलिका आकुंचन पावू शकतात. त्या औषधाशिवाय दाब मोजण्याची पद्धतही उपलब्ध असते.