तुळजापूरच्या वाटेवरचे मुरमाचे रस्ते

सोलापूरहून हायवे टाळून तुळजापूरला सायकलने जाता येईल का, हा प्रश्न आवडला. येईल, पण घाई नको. तुळजापूर बालाघाटाच्या रांगेत वसलंय, शेवटचा चढ चुकत नाही. त्याआधी गावं जोडणारे पाणंद रस्ते धरा. मुरमावर ४० मिमीचे टायर छान चालतात, हवा जरा कमी ठेवायची. खरा त्रास काळ्या मातीचा! एका पावसात ती चाक आणि फ्रेमच्या मधे अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून दिवाळीनंतरच निघा. बाभळीचे काटे मात्र बारा महिने, टायरमध्ये पंक्चर बुजवणारं सीलंट हवंच. आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्यात परवानगीशिवाय शिरू नका, कृपया. तो पक्षी उघड्या माळावर, जमिनीवरच अंडी घालतो.