नवी नाटकं लिहिली जातात, वडशाला जाऊन बघा

'मराठीत नवं नाटक लिहिणारेच उरले नाहीत' हे मुंबई-पुण्याच्या जाहिरातींपुरतं ठीक आहे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मात्र चित्र वेगळं दिसतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजला, म्हणजे आमच्या वडशाला, नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्ताने गावोगाव प्रयोग लागतात आणि दर हंगामाला नवी नाटकं येतात. दारू, हुंडा, शेतकऱ्याचं कर्ज, भावकीतलं भांडण असे विषय, अधूनमधून विनोदी पात्र, लावणी आणि रात्रभर चालणारा खेळ.

इथल्या लेखकाला काय सांभाळावं लागतं ते बघा. तालमी मोजक्याच, त्यामुळे विंगेतून प्रॉम्प्टर वाक्य पुरवतो. नट टांगलेल्या माइकखाली येऊन बोलतो. मग वाक्य आखूड, ठसठशीत आणि मागच्या रांगेपर्यंत पोचेल असंच लिहावं लागतं. संवाद संपता संपता ऑर्गनवाला सूर धरतो, तीही जागा लेखकाने ठेवायची. हे कसब आहेच, भडकपणा कितीही असो. (आणि तो असतो, विशेषतः लावण्यांत.)

२०२३ साली इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा चार दिवस सगळ्यांना झाडीपट्टी आठवली. पण त्यांनी आणि इतरांनी गाजवलेल्या नाटकांच्या संहिता कुठे वाचायला मिळतात? फार थोड्या छापल्या गेल्या. बाकीच्या वह्यांतच राहतात. मला विचाराल तर खरी अडचण लिहिण्याची नाही, छापण्याची आहे.