मदत हवी आहे: जर्मनच्या वर्गात मतभेद कसे शिकवायचे?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात जर्मन शिकवते. सध्याच्या बॅचमध्ये जवळजवळ सगळी नर्सिंगची मुलं-मुली आहेत. बीड, लातूर, सातारा अशा ठिकाणांहून आलेली. महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये तिकडे मनुष्यबळ पाठवण्याचा करार झाला, तेव्हापासून आमच्याकडे अशी चौकशी खूपच वाढली आहे. व्याकरण, हॉस्पिटलमधली भाषा, परीक्षेची तयारी हे सगळं मार्गी लागतं. घोडं अडतं ते दुसरीकडे.

बी-२ या वरच्या पातळीच्या तोंडी परीक्षेत दोघांनी एका विषयावर चर्चा करायची असते. सरावाला बसलं की एक जण मत मांडते, दुसरी 'दास श्टिम्ट', म्हणजे बरोबर आहे, असं म्हणून मोकळी होते. मग दोघी माझ्याकडे बघतात, मॅडम, नक्की बरोबर काय? 'इश झेहे दास आंडर्स', मला वेगळं वाटतं, हे वाक्य सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण समोरच्याला ते म्हणवत नाही. शाळेत सरांना, घरी मोठ्यांना, वॉर्डात डॉक्टरांना उलट बोलायचं नाही, हेच ऐकत ही मुलं मोठी झाली. जर्मनीत मात्र औषधाचा डोस खटकला तर नर्सने तिथल्या तिथे डॉक्टरांना विचारायचं असतं. त्यामुळे मला हा नुसता मार्कांचा प्रश्न वाटत नाही.

पुस्तकांत संस्कृती म्हणून जे येतं त्याचा इथे उपयोग होत नाही. वक्तशीरपणा, कचऱ्याचे वेगवेगळे डबे, रविवारी बंद दुकानं. 'जर्मन असे, भारतीय तसे' असा तक्ता फळ्यावर भरून मुलं निघून जातात, आणि दोन्हीकडच्या माणसांबद्दलचे गैरसमज पक्के होतात.

एक धडा मात्र चांगला जमला. 'श्टोल्परश्टाइन', म्हणजे फूटपाथमध्ये बसवलेले साधारण १० सेंटिमीटरचे पितळी चौकोन. गुंटर डेम्निग या कलाकाराने १९९२ मध्ये कलोनला सुरुवात केली, आता युरोपभर मिळून एक लाखाच्या वर झाले आहेत. नाझींनी नेलेल्या माणसाच्या शेवटच्या राहत्या घरासमोर हे बसवतात. वर 'येथे राहत होते', मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. चार-पाच ओळी, अगदी सोपं जर्मन. मी फोटो दाखवला आणि मुलांना फक्त प्रश्न लिहायला सांगितले. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने लिहिलं, 'तेव्हा शेजारी काय करत होते?' त्या दिवशी पुढचा सगळा तास याच प्रश्नावर गेला.

मग मी म्युनिकचं सांगितलं. तिथल्या महापालिकेने सार्वजनिक रस्त्यांवर हे चौकोन बसवायला २००४ मध्ये नकार दिला आणि २०१५ मध्ये तो कायम ठेवला. विरोध करणाऱ्यांत शार्लोटे क्नोब्लोख होत्या. त्या तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष, स्वतः त्या काळातून वाचलेल्या. मारल्या गेलेल्यांची नावं पुन्हा पायदळी येऊ नयेत, असं त्यांचं म्हणणं. दुसरीकडे काही मृतांचे नातेवाईकच चौकोन हवेत म्हणून भांडत होते. दोन्ही बाजूंना मृतांबद्दल सारखाच आदर, तरी मत उलट! इथे पहिल्यांदा माझी मुलं एकमेकांशी जर्मनमध्ये वाद घालताना दिसली, आणि बरोबर उत्तर काय असं कुणी विचारलं नाही.

आता पुढची पायरी अवघड आहे. जर्मनीत शिक्षिकेने वर्गात हिजाब घालावा का, यावर बरीच वर्षं वाद चालला. सरसकट बंदी घटनेत बसत नाही, असं तिथल्या घटना न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं. चर्चेला विषय उत्तम. पण माझ्या वर्गात हिजाब घालणारी एक विद्यार्थिनी आहे. विषय काढला की सगळ्या माना तिच्याकडे वळणार, आणि तिला आपल्या सगळ्या समाजाच्या वतीने उत्तर द्यावं लागणार. ते मला अजिबात नको आहे.

जर्मनीत राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांसाठी श्टुटगार्टजवळच्या बॉइटल्सबाख गावी १९७६ मध्ये तीन सूत्रं ठरली. शिक्षकाने आपलं मत विद्यार्थ्यांवर लादायचं नाही. समाजात ज्यावर वाद आहे ते वर्गातही वादाचंच म्हणून मांडायचं. विद्यार्थ्याला स्वतःचं हित कशात आहे ते ओळखून त्यासाठी काही करता आलं पाहिजे. मला ही सूत्रं मनापासून पटतात. पण माणसाची प्रतिष्ठा चर्चेला ठेवायची नसते, जर्मन घटनेचं पहिलं कलमच ते सांगतं. उद्या वर्गात कुणी जातीवरून किंवा धर्मावरून बोललं, तर तिथे मी गप्प बसणार नाही. फक्त थांबवायचं नेमकं कधी आणि कोणत्या शब्दांत, म्हणजे बाकीच्यांची तोंडं पुन्हा बंद होणार नाहीत? भाषा शिकवणाऱ्यांनी आणि शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी आपला अनुभव जरूर लिहावा.

जर्मनीत नर्सिंग करणाऱ्यांकडून मला वेगळी मदत हवी आहे. ही मुलं तिथे गेल्यावर बरीच वर्षं संसदेसाठी मत देऊ शकणार नाहीत. पण खासगी हॉस्पिटलात 'बेट्रीब्सराट', म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेलं मंडळ असेल, तर त्याच्या निवडणुकीत मत द्यायला जर्मन नागरिकत्व लागत नाही, आणि ड्युटीच्या वेळा ठरवताना या मंडळाची संमती घ्यावीच लागते. सरकारी आणि चर्चच्या हॉस्पिटलांत अशीच वेगळ्या नावाची मंडळं असतात. माझ्या मते त्यांची लोकशाही इथून सुरू होते. तुम्ही या निवडणुकीत मत दिलंय का? उभं राहिलंय का कुणी? टीमच्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा 'नाही' म्हणालात तेव्हा कोणती वाक्यं वापरलीत आणि समोरचे काय म्हणाले? खरे संवाद मिळाले तर त्यांवरून मी सरावाचे प्रसंग तयार करीन. हॉस्पिटलचं किंवा कुणाचंही नाव लिहू नका.

अजून एक. बी-१ या आधीच्या पातळीला विचार मोठा आणि शब्द थोडे अशी अवस्था असते. आधी दहा मिनिटं मराठीत चर्चा करू द्यावी आणि मग जर्मनमध्ये, असं माझ्या मनात आहे. काही सहकाऱ्यांचा याला ठाम विरोध आहे. कुणी करून पाहिलंय का? मराठीतून जर्मनकडे वळताना चर्चेचा जोर टिकतो का, हे मला खास जाणून घ्यायचं आहे.