गर्दीच्या खाडीत रात्रीचा नांगर : आधी आलेल्याने साखळी आखडती घ्यावी का?

रात्रपाळी (धागाकर्ता) :

बेटाच्या आडोशाला असलेल्या लोकप्रिय खाडीत संध्याकाळी जागा कमी पडू लागली की एक मागणी हमखास कानावर येते. उशिरा आलेली शिडाची नौका आपल्या भोवती दोन फेऱ्या मारते, तिच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) उभा असलेला माणूस "साखळी किती सोडली आहे?" असे विचारतो आणि आकडा ऐकल्यावर म्हणतो, "इतकी कशाला? थोडी आवरून घ्या, म्हणजे आम्हीही मावू." मागणी सभ्य शब्दांत केलेली असली तरी रात्रीच्या मुक्कामासाठी ती मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण साधे गणित आहे. पाणी 5 मीटर खोल, नाळेची पाण्यापासूनची उंची 1 मीटर आणि रात्रीत येणारी भरती आणखी 1 मीटर धरली, तर हिशेबात घ्यायची उंची 7 मीटर होते. बरेच जण फक्त खोली मोजणाऱ्या यंत्राचा आकडा धरतात आणि तिथेच फसतात. पाचास एक या प्रमाणाने, म्हणजे या उंचीच्या पाचपट, 35 मीटर साखळी लागते. वाऱ्याने ती पूर्ण ताणली गेली तर नांगराला तळाशी साधारण साडेअकरा अंशांच्या कोनातून ओढ बसते. तीच साखळी 21 मीटरवर आणली की हा कोन साडेएकोणीस अंशांवर जातो, आणि नांगर वाळूत रुतून राहण्याऐवजी वर उचलला जाऊ लागतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 10 नॉटचा वारा 20 नॉट झाला की नौकेवरचा भार चौपट होतो. संध्याकाळच्या शांत पाण्याकडे बघून पहाटेची साखळी ठरवता येत नाही.

आधी आलेल्या नौकेचे नांगराभोवती फिरण्याचे वर्तुळ मान्य करूनच नंतर येणाऱ्याने आपली जागा शोधावी, ही नांगरवाड्यांतली (नौका नांगरण्याच्या जागांतली) जुनी वहिवाट आहे. जागा नसेल तर उजेड असेपर्यंत दुसरा आडोसा गाठावा.

उथळपाणी :

आपले गणित बरोबर आहे, पण ते अर्धेच मांडले आहे. आपली नौका 11 मीटर लांबीची धरली, तर 35 मीटर साखळीवर तिच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे 45 मीटर होते आणि 21 मीटर साखळीवर सुमारे 31 मीटर. क्षेत्रफळ काढून पाहिल्यास दुसरे वर्तुळ पहिल्याच्या निम्म्याहून कमी भरते. मोजक्या नौकांनी ऐसपैस साखळी सोडली की सगळी खाडी भरते आणि बाकीच्यांना अंधारात, अनोळखी किनाऱ्यालगत पुढे जावे लागते. तो धोका आपल्या हिशेबात कुठे आहे?

शिवाय हलक्या वाऱ्यात साखळी ताणली जातच नाही. तिचा बराचसा भाग तळाशी पडून राहतो आणि तेवढ्या वजनावरच नौका थांबते. हवामानाचा अंदाज स्थिर असेल, तळ चांगल्या वाळूचा असेल आणि नांगर इंजिन मागे चालवून नीट रुतवलेला असेल, तर चारास एक या प्रमाणावर रात्र काढण्यात कसलाही अविचार नाही. सरसकट पाचास एक म्हणणे हा नियमाचा नव्हे, सवयीचा हट्ट आहे. खाडी कोणाच्या मालकीची नाही. आधी आलो म्हणून तिचा सातबारा आपल्या नावावर चढत नाही.

रात्रपाळी :

सातबारा मागितलेला नाही, मागितली आहे ती मागची मोकळी जागा. साखळी आखडती घेण्यातली खरी अडचण कोनाची नाही, ती परत सोडता न येण्याची आहे. समजा, आपल्या सांगण्यावरून मी 10 मीटर साखळी आत ओढली आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवी नौका येऊन थांबली. रात्री दोन वाजता ढग दाटले आणि वारा वाढला, तर मला जी एकमेव गोष्ट तातडीने करायला हवी ती म्हणजे आणखी साखळी सोडणे, आणि नेमकी तीच मला करता येणार नाही, कारण मागे दुसऱ्याची नाळ उभी आहे. त्यातच तिची साखळी माझ्या साखळीवरून गेली असेल, तर मला नांगर उचलून निघूनही जाता येत नाही. संध्याकाळी दाखवलेली भीड रात्री अशी अंगावर येते.

दोनास दोन :

दोघेही साखळीच्या लांबीवर अडून बसला आहात, पण गर्दीच्या खाडीत धडका लांबीमुळे कमी आणि नौका वेगवेगळ्या पद्धतीने बांधल्यामुळे जास्त होतात. सगळ्या नौका एकाच दिशेने एकदम फिरत असतील, तर वर्तुळे एकमेकांत गेली तरी सहसा काही होत नाही. गोंधळ सुरू होतो तो संध्याकाळचा खारा वारा पडल्यावर आणि मतलई वारा सुरू होण्याआधी, त्या मधल्या वेळात. तेव्हा खोल, लांब कीलची (तळाखालच्या उभ्या कण्याची) नौका पाण्याच्या प्रवाहाप्रमाणे तोंड फिरवते, हलकी आणि उंच बांध्याची नौका वाऱ्याची जी झुळूक येईल तिच्या मागे जाते, आणि नांगराला साखळीऐवजी बहुतांश दोर लावलेली नौका या दोघींपेक्षा कितीतरी जास्त भटकते. साखळ्या सारख्या लांबीच्या असल्या तरी त्या वेळी एकीची शेपटी दुसरीच्या नाळेला लागते.

यावर उपाय म्हणजे मागून किनाऱ्यावरच्या खडकाला दोर बांधणे. सगळ्यांनी तसे केले की नौका ओळीने उभ्या राहतात आणि वर्तुळाचा प्रश्नच उरत नाही. मात्र एखाद्यानेच दोर बांधला आणि शेजारची नौका मोकळी फिरत राहिली, तर दोर बांधणाराच गुन्हेगार ठरतो. आडवा वारा आल्यावर सगळा भार नांगरावर बाजूने येतो, हेही मान्य केले पाहिजे. म्हणून ज्या खाडीत आधीच्या नौका जशा बांधलेल्या आहेत, तसेच नंतरच्याने बांधावे. आधी आलेल्याचा मान राखायचा तो या अर्थाने, लांबीच्या अर्थाने नव्हे.

बोयावाला :

मला या चर्चेचा पायाच पटत नाही. लोकप्रिय खाडीत रात्री नांगर टाकूच नये. तळाला पक्के बसवलेले बोये (नौका बांधायचे तरंगते गोळे) असावेत आणि नौकांनी त्यांनाच बांधावे. नौका रात्रभर फिरते तेव्हा तळावर पडलेली साखळी झाडूसारखी सगळे खरवडत जाते. भूमध्य समुद्रातील पोसिडोनिया हे शेवाळ नसून फुले येणारी वनस्पती आहे, ती वर्षाला काही सेंटिमीटरच पसरते, आणि नांगराने उपटलेला पट्टा भरून यायला कित्येक दशके जाऊ शकतात. इबिझा आणि फोर्मेंतेरा यांच्यामधली तिची कुरणे 1999 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, आणि बॅलेरिक बेटांच्या सरकारने 2018 च्या आदेशाने पोसिडोनियावर नांगर टाकण्यास मनाई केली आहे. तुमचे पाचास एक किंवा तीनास एक, गवताला दोन्ही सारखेच. बोयाला बांधलेली नौका लहान वर्तुळात फिरते, त्यामुळे त्याच खाडीत अधिक नौका मावतात, हा फायदा वेगळाच.

उथळपाणी :

गवतावर नांगर टाकू नये, याबद्दल दुमत नसावे. तिथे नांगर धड रुततही नाही. पण त्यावरून वाळूच्या तळावरही बंदी घालणे म्हणजे तापासाठी पाय कापण्यासारखे आहे. बोयाच्या खालचा दोर किंवा शॅकल (जोडणारी लोखंडी कडी) शेवटचा कधी तपासला, तो किती टनांच्या नौकेसाठी आहे, हे बहुधा वरून कळत नाही. स्वतःचा नांगर निदान डिंगीतून (सोबतच्या लहान होडीतून) जाऊन, पाण्यात डोके घालून पाहता येतो. आणि अर्धी खाडी बोयांची, अर्धी नांगरांची अशी व्यवस्था झाली, तर लहान वर्तुळात फिरणाऱ्या आणि मोठ्या वर्तुळात फिरणाऱ्या नौका शेजारी येतात. वर 'दोनास दोन' यांनी सांगितलेली भटकंती तिथे आणखी वाढते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. रात्री परत साखळी सोडता येत नाही, हा रात्रपाळी यांचा मुद्दा वजनदार आहे आणि मी तो टाळत नाही. पण त्यावर उत्तर नकार नव्हे, करार आहे. साखळी आवरण्याआधीच नवागताला सांगावे की वारा वाढला तर आधी तुम्ही उठायचे, नांगर उचलून खाडीबाहेर जायचे, आणि तुमचा नांगर आमच्या साखळीच्या पलीकडे पडता कामा नये. हे मान्य नसेल तर खुशाल नकार द्यावा.

रात्रपाळी :

करार कागदावर ठीक आहे. रात्री पाऊस कोसळत असताना, शिट्ट्या ऐकू येत नसताना, झोपलेल्या माणसाला तो पाळायला कोण लावणार? माझा अनुभव असा आहे की जो नवागत नांगर टाकल्यावर इंजिन मागे चालवून तो रुतला की नाही हे पाहत नाही, साखळीचा नाळेखाली ढीग करून थेट जेवायला बसतो, तोच शेजाऱ्याला साखळी आवरायला सांगण्यात सर्वांत पुढे असतो. त्याच्या नौकेवर नांगराचा पांढरा दिवाही बहुधा लागलेला नसतो. 50 मीटरपेक्षा लहान नौकेने नांगरावर असताना चारही दिशांना दिसणारा एक पांढरा दिवा लावावा, ही समुद्रातील टक्कर टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील साधी अट आहे, आणि 7 मीटरखालील नौकेला मिळणारी सूटही नांगरवाड्यात चालत नाही.

म्हणून माझी भूमिका एवढीच सैल करतो : नवागताने किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून आपला नांगर घसरत नाही हे तपासलेले मी डोळ्यांनी पाहिले, अंदाज स्थिर असला, आणि तो माझ्या मागे नव्हे तर बाजूला थांबणार असला, तर काही मीटर साखळी आवरायला माझी हरकत नाही. मागे थांबणार असेल तर नाही.

उथळपाणी :

बाजूला थांबलेला मनुष्य मतलई वारा सुटला की मागेच येतो, हे आपणास ठाऊक आहे. पण ही अट मला चालेल. माझा आक्षेप आता फक्त "काही मीटर" या शब्दांवर उरतो, कारण आपण ते किती, हे सांगितलेले नाही.