शिस्तीच्या मागे काय होतं

शाळेत शिकवणाऱ्या नन्सबद्दलच्या या चर्चेत 'सिस्टर म्हटलं की फक्त शिस्त आणि शिक्षाच आठवते' असं कुणी म्हटलंय. शिस्त कडक होती, हे मान्य. पण मला आधी आठवतो तो दहावीच्या वर्षीचा संध्याकाळचा वर्ग. गणितात कच्च्या असलेल्या आम्हा सात-आठ जणींना मुख्याध्यापिका सिस्टर शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायच्या. पैसे नाहीत, हजेरी नाही. बोटं खडूने पांढरी झालेली, आणि एकच प्रमेय तिसऱ्यांदा समजावतानाही आवाज चढलेला नसे. माझी फी थकली होती तेव्हा त्यांनी वर्गात चकार शब्द काढला नाही. पावती वहीत ठेवून वही माझ्या हातात दिली, बस्स. ती फी कुणी भरली, हे मला आजही कळलेलं नाही.

अजून एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. लोरेटोसारख्या, मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिस्टरांच्या संस्थांचं मूळ मेरी वॉर्ड या इंग्रज बाईंपाशी जातं. मठाच्या भिंतीआड न राहता मुलींना शिकवायचं, म्हणून त्यांनी १६०९ मध्ये संस्था काढली. १६३१ मध्ये पोपनी ती बरखास्त केली आणि बाईंना म्युनिकच्या एका मठात कोंडलं. तिथून त्या लिंबाच्या रसाने पत्रं लिहीत. कागद शेकला की अक्षरं उमटायची. आमच्या सिस्टर अशा कुठल्या संस्थेच्या होत्या, हे विचारायचं तेव्हा सुचलंच नाही. आज त्या असत्या तर आधी पाया पडले असते, मग विचारलं असतं.